वेदना आणि गुंगी

घरातले माणूस दुखण्याने विव्हळत असावे, डॉक्टरांनी येऊन सुई टोचावी आणि घटकाभराने त्या माणसाचा डोळा लागावा, हा अनुभव बहुतेक प्रत्येक घराने कधी ना कधी घेतलेला असतो. उशाशी बसलेली मंडळी मग नि:श्वास टाकून म्हणतात, "चला, आता दुखायचे थांबले." या उद्गारात दोन निराळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. माणूस विव्हळायचा थांबला ही एक, आणि त्याची वेदना थांबली ही दुसरी. पहिली आपणांस दिसते; दुसरी त्याच्याखेरीज कोणासही कळत नाही. झोप म्हणजे वेदनेचा अंत, हे समीकरण आपण किती सहजपणे मांडतो! ते खरे आहे काय, आणि नसेल तर खरे काय आहे, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे. विषय वरवर रुक्ष वाटला तरी तो घराघरातला आहे. या समीकरणातील चुकीपायी कित्येक रोग्यांना, विशेषत: कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रोग्यांना, टाळता येण्याजोग्या यातना सोसाव्या लागतात, असे आम्हांस वाटते.

ही चूक जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्यांत कामाला जाणाऱ्या कित्येक बाया आपल्या तान्ह्या मुलांना अफूची 'बाळगोळी' देऊन जात. मूल दिवसभर निजून राही. ते भुकेले आहे, की त्याचे पोट दुखते आहे, की त्याला कसलेच दु:ख नाही, हे त्या झोपेवरून कोणासही सांगता येत नसे. त्या मातांना दोष देण्यात अर्थ नाही. घरी मूल सांभाळायला कोणी नसे, आणि कामावर न गेले तर मजुरी बुडत असे. परंतु मूल निजले म्हणजे ते सुखी आहे असे नव्हे, एवढा धडा त्या बाळगोळीपासून घ्यावयास हरकत नाही.

वेदना आपल्याला कळते कशी, ते प्रथम पाहू. आपल्या मराठीत वेदनेला शब्दांचा तोटा नाही. चमक, कळ, ठणका, ठसठस, शूल, सल, आग, चुणचुण अशा प्रत्येक शब्दाची छटा वेगळी. यांतील चमक आणि ठणका हे दोनच शब्द आपण घेऊ. कारण निसर्गाने या दोहोंना दोन स्वतंत्र वाटा नेमून दिल्या आहेत. काळोखात चालताना पायाचा अंगठा उंबऱ्यावर आपटला, म्हणजे आधी लख्खकन् चमक निघते. पाय मागे घेतला जातो, आणि मग क्षणभराने, मागाहून येणाऱ्या पाहुण्यासारखा, ठणका येऊन बसतो व बराच वेळ मुक्काम करतो. चमक ज्या मज्जातंतूंमधून धावते, त्यांवर एक पातळ वेष्टण असते आणि त्यांतून निरोप सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने जातो. ठणक्याचे तंतू अतिशय बारीक आणि बिनवेष्टणाचे. त्यांतील निरोप सेकंदाला २ मीटरसुद्धा पल्ला गाठत नाही. चमकेचे काम पाय मागे घ्यावयास लावणे हे होय, आणि ठणक्याचे काम जखमी भाग जपावयास लावणे हे.

हे दोन्ही निरोप पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत येऊन पोचतात. तेथे पहिला मुक्काम असतो. आलेला तंतू तेथे संपतो आणि पुढच्या मज्जापेशीची सुरुवात होते. दोहोंच्या मध्ये सूक्ष्म फट असते. ती ओलांडण्यासाठी आलेला तंतू काही रासायनिक द्रव्ये त्या फटीत सोडतो. ग्लुटामेट हे त्यांतील मुख्य. पुढची पेशी ही द्रव्ये टिपून घेते आणि निरोप मेंदूकडे धाडते. मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाचे केंद्र आहे. टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी व्हावी, तशी तेथे निरोपांची वाटणी होते. एक वाट मेंदूच्या पृष्ठभागाकडे जाते. कोठे दुखते आणि किती जोराने दुखते, ते तेथे ठरते. दुसरी वाट मेंदूच्या आतल्या घड्यांकडे जाते. 'हे मला नको आहे, हे असह्य आहे' ही तळमळ तेथे उत्पन्न होते. वेदना म्हणून आपण जी एक गोष्ट समजतो, तिच्यात अशी दोन अंगे असतात: दुखण्याची जाणीव आणि त्या जाणिवेचा जाच. श्रोत्यांनी हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. पुढील सारे विवेचन त्यांवर उभे आहे.

आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. मज्जारज्जूतील हा पहिला मुक्काम म्हणजे नुसती ये-जा करण्याची जागा नव्हे. तेथे एक फाटक आहे, आणि ते कमीअधिक उघडे राहू शकते. ही कल्पना रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडली. तिच्या तपशिलात पुढे पुष्कळ फेरफार झाले, परंतु मूळ मुद्दा टिकून राहिला. आपटलेला अंगठा आपण न सांगता चोळू लागतो, त्याचे मर्म यात आहे. चोळण्याचा स्पर्श दुसऱ्या तंतूंनी त्याच मुक्कामी पोचतो आणि ठणक्याचे फाटक थोडेसे लोटून घेतो.

आता औषधांकडे वळू. माणसाला शांत करणारी औषधे म्हणून जी ओळखली जातात, त्यांत दोन अगदी भिन्न कुळे आहेत, आणि सामान्य माणूस त्या दोहोंना 'गुंगीचे औषध' या एकाच नावाने हाक मारतो.

पहिले कूळ झोपेच्या औषधांचे. १९०३ साली बार्बिटल हे औषध पुढे आले, १९१२ साली फिनोबार्बिटल आले. १९६० साली लिब्रियम आणि १९६३ साली व्हॅलियम बाजारात आले, आणि ती नावे घरोघर झाली. ही औषधे मेंदूत काय करतात? मेंदूत पेशींना चेतवणारी द्रव्ये आहेत, तशीच त्यांना आवरणारीही आहेत. आवरणाऱ्या द्रव्यांतील मुख्य म्हणजे गाबा. गाबा पेशीवरील आपल्या ठराविक जागी बसले की पेशीच्या भिंतीतील एक बारीक दार उघडते, ऋणभार असलेले क्लोराइडचे कण आत शिरतात आणि ती पेशी मंदावते. लिब्रियमच्या कुळातील औषधे गाबाच्या शेजारी बसून त्याला बळ देतात. साऱ्या मेंदूतले दिवे जणू थोडथोडे बारीक होतात. काळजी ओसरते, स्नायू सैल पडतात, झोप येते.

परंतु वेदनेच्या वाटेवरचे फाटक यांनी बंद होत नाही. हाड मोडलेल्या रोग्याला नुसते झोपेचे औषध दिले, तर तो ग्लानीत पडतो खरा, पण ग्लानीतही कण्हतो, कूस बदलताना ओरडतो, कधी भ्रमिष्टासारखा हातपाय झाडू लागतो. बार्बिटलच्या कुळातील औषधे थोड्या प्रमाणात दिली असता वेदना उलट अधिक तीव्र झाल्याचेही आढळते. आपले दुखणे नीट शब्दांत सांगण्याची शक्ती तेवढी या औषधांनी जाते, आणि आपण त्याला आराम म्हणतो.

येथे कोणी विचारील, मग शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देतात तिचे काय? भूल पुरेशी गाढ असली म्हणजे जाणीवच उरत नाही, आणि जाणीव नाही तेथे वेदनाही नाही, हे खरे. तथापि शरीराचे निरोप तेव्हाही चालूच असतात. झोप आणणारे औषध दिलेले असताना शस्त्र चालले, तर नाडी जलद होते आणि रक्तदाब चढतो. म्हणूनच आजचा भूलतज्ज्ञ एकाच औषधावर विसंबत नाही. तो झोपेसाठी प्रोपोफॉलसारखे एक औषध देतो आणि वेदनेसाठी दुसरे. झोप आणि वेदनाशमन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे शस्त्रक्रियागृहात रोज गृहीत धरले जाते; घरातल्या खाटेशी मात्र आपण ते विसरतो.

दुसरे कूळ अफूचे. आपल्या स्वयंपाकघरातील खसखस ज्या बोंडात पिकते, त्याच कोवळ्या बोंडाला चिरा दिल्या असता जो पांढरा चीक पाझरतो, तो वाळून अफू होते. तिचा गुण माणसाला हजारो वर्षे ठाऊक होता, परंतु तो नेमका कशात आहे हे कळत नव्हते. १८०४-०५ च्या सुमारास फ्रीडरिख झेर्ट्युर्नर या तरुण जर्मन औषधविक्रेत्याने अफूतून तिचे सत्त्व वेगळे काढले, आणि ग्रीक पुराणातील स्वप्नांचा देव मॉर्फियस याच्या नावावरून त्याचे नाव ठेवले. तेच मॉर्फीन. असे नाव ठेवण्यात त्या थोर माणसाने नकळत आपल्या चुकीवरच शिक्कामोर्तब केले, असे आम्हांस म्हणावेसे वाटते. मॉर्फीनची खरी करामत स्वप्नात किंवा झोपेत नाही.

ती कशात आहे, हे रोग्यांच्याच तोंडून कळते. मॉर्फीन दिलेले पुष्कळ रोगी पुरते जागे असताना सांगतात की, दुखते आहे, पण आता त्याचे काही वाटत नाही. मघाशी सांगितलेली दोन अंगे येथे स्पष्टपणे सुटी होतात. जाणीव काही अंशी उरते. जाच मात्र जातो. टाचणी टोचली तर टोचल्याचे कळते, पाण्याचा गारवा कळतो, हाक ऐकू येते. चमकेवर मॉर्फीनचा परिणाम बेताचा आणि ठणक्यावर मोठा. बाकीच्या संवेदना जागच्या जागी ठेवून नेमका ठणकाच कमी करणारे हे औषध मेंदूला ओळखते तरी कसे, हे कोडे दीडशे वर्षांहून अधिक काळ सुटले नव्हते.

ते १९७३ साली उलगडू लागले. अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे सॉलोमन स्नायडर आणि कँडेस पर्ट यांनी, तसेच स्वतंत्रपणे न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन यांनी आणि स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस यांनी असे दाखवून दिले की, मेंदूतील पेशींवर अफूच्या द्रव्यांना धरून ठेवणाऱ्या खास जागा आहेत. कुलपाला किल्ली बसावी तसे मॉर्फीन तेथे बसते. पण यातून एक नवेच कोडे निघाले. शेतातल्या बोंडाच्या चिकासाठी निसर्गाने माणसाच्या मेंदूत कुलपे कशाला करून ठेवावीत? उत्तर एकच संभवत होते: या कुलपांची मूळ किल्ली शरीरातच असली पाहिजे. १९७५ साली स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना ती डुकरांच्या मेंदूत सापडली. तिला त्यांनी एन्केफॅलिन हे नाव दिले. पाठोपाठ तिची भावंडेही सापडली, आणि त्यांतील एंडॉर्फिन हे नाव पुढे सर्वतोमुखी झाले. मॉर्फीन ही, तेव्हा, परकी असूनही बरोबर बसणारी किल्ली होय.

ही किल्ली फिरते तेव्हा काय घडते? मुख्यत: तीन ठिकाणी काम चालते. पहिले ठिकाण मज्जारज्जूतील फाटक. तेथे ठणका आणणाऱ्या तंतूंच्या टोकावर ही कुलपे आहेत. किल्ली बसली की कॅल्शियमचे कण आत येण्याचा मार्ग बंद होतो आणि त्यामुळे फटीत निरोपाची द्रव्ये सुटेनाशी होतात. पलीकडच्या पेशीतून पोटॅशियमचे कण बाहेर जाऊ लागतात आणि ती पेशी सहजासहजी चेतत नाही. निरोप उंबरठ्यावरच थोपतो. दुसरे ठिकाण मध्यमेंदू. तेथून खाली मज्जारज्जूकडे येणारी एक वाट आहे आणि तिचे काम फाटक लोटून घेणे हेच. एरवी तिच्यावर पहारा असतो. मॉर्फीन त्या पहारेकऱ्यांना गप्प करते आणि ही वाट मोकळी होते. १९६९ साली डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मध्यमेंदूच्या याच भागाला विजेची सौम्य चेतना दिली, तेव्हा भूल न देताही त्या उंदरांवर शस्त्रक्रिया करता आली. तिसरे ठिकाण मेंदूच्या आतल्या त्या घड्या, जेथे जाच उत्पन्न होतो. तेथेही ही कुलपे दाटीने आहेत. 'दुखते, पण काही वाटत नाही' या उद्गाराचा उगम बहुधा तेथलाच.

शरीराची स्वत:ची किल्ली केव्हा फिरते, हेही पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील आंझियोच्या रणांगणावर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांना असे आढळले की, गंभीर जखमा झालेल्या शुद्धीवरील सैनिकांपैकी सुमारे एक-चतुर्थांशच वेदनेवर औषध मागत. हे त्यांनी १९४६ साली प्रसिद्ध केले. रणांगणातून जिवंत सुटलो, या भावनेने जखमेचा अर्थच त्या सैनिकांपुरता बदलला होता, असा त्यांचा तर्क होता. १९७८ साली अमेरिकेत दाढ काढलेल्या रोग्यांवर एक प्रयोग झाला. औषध म्हणून दिलेल्या निर्गुण द्रवाने ज्यांना उतार पडला होता, त्यांना नॅलोक्सोन हे अफूची कुलपे अडवून धरणारे औषध देताच वेदना पुन्हा वाढली. याचा अर्थ, नुसत्या विश्वासानेही मेंदूतील किल्ली फिरू शकते. धीराचा शब्द, उशाशी बसलेले माणूस, डॉक्टरांवरील भरवसा यांना वेदनाशमनात जागा आहे ती अशी. तथापि हाडात पसरलेल्या कर्करोगाला ही घरची शिदोरी पुरत नाही, हेही लगेच सांगितले पाहिजे. अशा रोग्याला 'मन घट्ट कर' एवढेच सांगणे म्हणजे रिकाम्या कणगीतून धान्य मागण्यासारखे आहे.

मॉर्फीनचे धोके लपवून ठेवण्याचे काहीच कारण नाही. हीच कुलपे श्वासाच्या केंद्रातही आहेत. मात्रा फार झाली तर श्वास मंदावतो आणि थांबतोही. ती आतड्यात आहेत, म्हणून बद्धकोष्ठ होते. ती आनंदाच्या केंद्रांशी जोडलेली आहेत, म्हणून व्यसन जडू शकते. झोपेची औषधे किंवा दारू यांच्या जोडीला मॉर्फीन घेणे विशेष घातक असते. कारण दोन वेगवेगळ्या वाटांनी एकाच श्वासावर भार पडतो. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने २०१६ साली या जोडीविषयी सर्वांत कडक दर्जाचा इशारा छापावयास लावला. त्याच देशात १९९० नंतरच्या काळात या कुळातील औषधे किरकोळ आणि जुनाट दुखण्यांसाठीही सढळ हाताने दिली गेली. पुढे हेरॉइन आणि चोरट्या बाजारातील फेंटॅनिल यांची त्यात भर पडली, आणि २०२१ या एका वर्षात या कुळातील औषधांच्या अतिमात्रेने ८० हजारांहून अधिक माणसे दगावली. हा इशारा कोणीही विसरू नये.

परंतु आपल्या देशाची कथा बरोबर उलटी आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने अफू पिकते; नीमच आणि गाझीपूर येथे तिचे सरकारी कारखाने आहेत. असे असूनही आपल्याच रोग्यांना मॉर्फीन मिळणे कठीण झाले. १९८५ साली मादक पदार्थांविषयी कडक कायदा झाला. त्यातील परवान्यांचे जंजाळ आणि शिक्षेची धास्ती यांमुळे रुग्णालयांनी आणि औषधांच्या दुकानांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले, आणि दहा-बारा वर्षांत देशातील त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहूनही अधिक घसरला. चोराला अडवण्यासाठी लावलेले कुलूप घरधन्यालाच बाहेर ठेवू लागले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन आवश्यक अशा औषधांसाठी परवान्याची पद्धत सोपी झाली. मुंबईत वांद्रे येथे १९८६ पासून शांती अवेदना ही संस्था, आणि केरळात १९९३ पासून डॉ. राजगोपाल व त्यांचे सहकारी असाध्य रोग्यांच्या वेदनाशमनाचे काम करीत आले आहेत. कायद्याची अडचण अशी थोडी सैल झाली. मनातली मात्र पुष्कळ ठिकाणी तशीच आहे.

मनातली अडचण कोणती? 'अफू दिली म्हणजे व्यसन लागणार', 'मॉर्फीन सुरू केले म्हणजे आता संपले'. या दोन्ही समजुती तपासून घेतल्या पाहिजेत. काही दिवस मॉर्फीन घेतल्यावर शरीराला त्याची सवय होते. मात्रा वाढवावी लागू शकते, आणि औषध एकदम तोडल्यास त्रास होतो. ही शरीराची सवय झाली. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही त्या पदार्थामागे धावत सुटणे. दोन्ही एक नव्हेत. ज्याला रात्रभर ठणक्याने डोळ्याला डोळा लागत नाही आणि जो डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून औषध घेतो, अशा कर्करोग्याला व्यसन जडणे ही क्वचित घडणारी गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली यासाठी साधे नियम घालून दिले: शक्यतो तोंडाने द्यावे, दुखणे उसळण्याची वाट न पाहता घड्याळाच्या ठोक्याला द्यावे, आणि सौम्य औषधापासून आरंभ करून पायरीपायरीने चढावे. या रीतीने दिले असता पहिल्या काही दिवसांतील गुंगी बहुधा ओसरते आणि रोगी जागा राहतो. तो जेवतो, घरच्यांशी बोलतो, उरलेली कामे सांगतो. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही; त्यावरचे औषध आरंभापासून जोडीला द्यावे लागते.

म्हणून ज्यांच्या घरी असा रोगी असेल, त्यांनी डॉक्टरांना एक प्रश्न न संकोचता विचारावा: दिलेले औषध वेदनेवर आहे की केवळ झोपेवर? आणि रोग्याला रोज विचारावे, 'दुखणे किती आहे?' तो निजला आहे की नाही, यावरून उत्तर ठरवू नये. दुखणे अंगावर काढणे याला आपल्याकडे मोठेपणा दिला जातो. किरकोळ दुखण्यापुरता तो मोठेपणा शोभतही असेल. परंतु असाध्य रोगाचा ठणका अंगावर काढण्याने रोग्याचे काहीच साधत नाही. त्याचे उरलेले दिवस तेवढे हिरावले जातात. ते दिवस त्याला जागेपणी आणि स्वस्थ चित्ताने घालवता यावेत, इतके सामर्थ्य आज औषधांत आहे. ते भीतीपोटी कुलपात ठेवू नये आणि निष्काळजीपणाने उधळूही नये, एवढेच सांगून आम्ही हे विवेचन पुरे करतो.